मोकळा गोल

आपलं तोंड उघडं असलं की समोरचा माणूस आपल्याला काहीही ऐकवू शकतो, हे त्याला त्या दुपारी दंतवैद्य बाईंच्या खुर्चीत कळलं. रविवारच्या सामन्यात एका बचावपटूचं कोपर लागून त्याची खालची उजवी दाढ हलली होती. इंजेक्शन देऊन झालं होतं. गाल, अर्धी जीभ आणि हनुवटीची एक बाजू हळूहळू त्याच्या ताब्यातून निसटत होती. डोळ्यांवर दिव्याचा पांढरा गोळा होता आणि त्याच्याआड बाईंचे मास्कवरचे दोन शांत डोळे. काम करता करता बोलायची बाईंना सवय असावी. उत्तराची अपेक्षा नव्हती, त्यामुळे बोलणं कुठे अडत नव्हतं. आधी त्या हवेबद्दल बोलल्या, मग खालचा रस्ता खणून ठेवलाय त्याबद्दल. मग दाढेच्या कडेने हत्यार फिरवत त्या सहज म्हणाल्या, "आज त्या मोठ्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघ जाहीर होणार ना? तुम्हाला घ्यायलाच हवं. टीव्हीवर काही का भांडेनात. तुम्ही फार मेहनती आहात."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर तो ते विसरून गेला असता. पण बाईंनी कापसाचा बोळा बदलला आणि तशाच मायेने म्हणाल्या, "माझा धाकटाही तसाच. फार मेहनती." त्यांचा हात क्षणभर थांबला. "थोरला हुशार आहे."

त्याला खुर्चीतून उठावंसं वाटलं. पण खुर्ची मागे झुकवलेली होती, पाय डोक्यापेक्षा उंच होते, आणि अशा अवस्थेत माणूस कुठे जाणार? तो पडून राहिला. शाळेत दर वर्षी नव्या बाई यायच्या किंवा नवे सर यायचे आणि दोन-तीन महिन्यांत प्रत्येक मुलाला एकेक शब्द मिळून जायचा. कुणी हुशार, कुणी चुणचुणीत, कुणी वाह्यात. त्याला नेहमी तोच मिळायचा. मुलगा मेहनती आहे, असं आईला सांगताना त्या त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या, आणि तो हात किंचित जड असायचा. लहान मुलांना शब्दांचे अर्थ कळत नाहीत असं मोठ्यांना वाटतं. अर्थ नाही कळला तरी हाताचं वजन कळतं. वाह्यात मुलाकडूनसुद्धा उद्या काहीतरी घडेल अशी आशा असायची, मेहनती मुलाबद्दल मात्र सगळं कळून चुकलेलं असायचं. आई मान डोलवायची. ती खूश व्हायची की गप्प व्हायची, हे त्याला अजूनही नीट ठरवता आलेलं नव्हतं.

दाढ वाचली. पण गाल तासाभरात ताळ्यावर येईल, तोवर काही खाऊ नका, बोलणंही बेताचंच करा, असं बाईंनी बजावलं. तो खाली रस्त्यावर आला. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला घोषणेच्या आधी मैदानावरच्या आपल्या खोलीत बोलावलं होतं. कशासाठी ते निरोपात नव्हतं. घेणार असतील तर आधी बोलावायचं कारण नाही, आणि घेणार नसतील तर तोंडावर सांगायचा मोठेपणा हा माणूस दाखवेल. सकाळपासून तो हा हिशेब मांडत होता आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. त्याच्या वयाचे बहुतेक स्ट्रायकर आता लहान मुलांना शिकवत होते, नाहीतर सासऱ्याच्या दुकानात बसत होते. ही स्पर्धा हुकली की पुढची त्याच्यासाठी नव्हती. रस्ता दोन्ही बाजूंनी खणलेला होता, मधोमध एका माणसापुरती वाट ठेवली होती, आणि खड्ड्यांवर टाकलेल्या पत्र्यांवरून जाताना खालून पोकळ आवाज येत होता. आपल्या पायांच्या आवाजाबरोबर आणखी एक आवाज थोडा उशिरा येतोय असं त्याला वाटलं. तो थांबला तेव्हा तोही थांबला.

वाटेत टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. काचेआड मांडलेल्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र चालू होतं. दोन माजी खेळाडू एकमेकांकडे बोटं नाचवत होते आणि दोघांच्या मधल्या चौकटीत तो स्वतः धावत होता. तोंड उघडं, कपाळाच्या शिरा ताठ. आवाज बाहेर येत नव्हता, पण यायची गरजही नव्हती. दोन्ही बाजू त्याला पाठ होत्या. त्या दोघांतला जाड्या म्हणत असणार की हा मैदानावर असला की समोरचे बचावपटू अर्ध्या सामन्यातच धापा टाकतात, हा चेंडू हिसकावून आणतो म्हणून दुसऱ्यांना गोल करायला मिळतात, याच्याशिवाय संघ लंगडा आहे. आणि टकल्या म्हणत असणार, ते खरं, पण आचारी भांडी लख्ख घासतो म्हणून त्याला आचारी म्हणून ठेवून घ्यायचं का? हे टकल्याचं वाक्य आठवडाभर गाजत होतं. संघातल्या पोरांनीही ते त्याला ऐकवलं होतं, मागून नव्हे, तोंडावर, कपडे बदलायच्या खोलीत, आणि तोही हसला होता. संघात त्याला सगळे पंखा म्हणायचे. दिवसभर गरगर फिरतो, वारा दुसऱ्यांना लागतो, आणि स्वतः जिथल्या तिथे. ज्याला तो वारा सगळ्यात जास्त लागायचा त्या मुख्य स्ट्रायकरला, म्हणजे गोल ठोकणाऱ्याला, सगळे जावईबापू म्हणत. पाहुणचाराला आल्यासारखा तो गोलापुढे कमरेवर हात ठेवून उभा असायचा आणि ताट समोर आलं की तेवढं उचलायचा.

एक बाई लहान मुलीचा हात धरून समोरून आली. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. आपल्याला ओळखलं असं वाटून तो हसला, निदान हसायचा प्रयत्न केला. बाईने मुलीला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि भराभर निघून गेली. पुढे एका उपाहारगृहाला नवीन काच बसवत होते, कडेच्या फटीत भरलेली लांबी अजून ओली होती. त्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. हनुवटीवरून रक्ताची बारीक धार सदऱ्याच्या कॉलरपर्यंत गेली होती. बधिर झालेला ओठ तो चावत होता, केव्हापासून कोण जाणे. दुखत नव्हतं. रुमालाने पुसलं तरी आपण कुणा दुसऱ्याची हनुवटी पुसतोय असंच वाटलं. आपल्या अंगाला आपलेच दात लागावेत आणि आपल्याला ते रस्त्यावरच्या लोकांच्या चेहऱ्यांवरून कळावं, या गोष्टीची त्याला भीती वाटली. आणखी काय काय असं चाललं असेल?

काच दिसली की तो आधी तिची कड बघायचा. वडिलांचं काचेचं दुकान होतं. काच कापायचा हिरा वडील पेन्सिलीसारखा धरत, पट्टी लावत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच ओढत. एकच रेघ. मध्ये हात थांबवायचा नाही आणि त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवायचा नाही, नाहीतर काच वाटेल तशी तडकते. आधी ठरवायचं, मग हात लावायचा, एवढंच वडील सांगत. त्यानंतर काच टेबलाच्या कडेवर आणून ते किंचित दाबत. दाबण्याआधी एक क्षण सगळं दुकान गप्प व्हायचं. मग टक् असा आवाज, आणि काचेचे दोन सरळ तुकडे. ताईने हे पहिल्या खेपेला जमवलं, तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. त्याचा हात मात्र दर वेळी मध्यावर आला की घुटमळायचा. रेघ लागली की नाही अशी शंका यायची आणि तो पुन्हा मागे जाऊन हिरा फिरवायचा. काच तडकायची. वडिलांनी त्याला कधी मारलं नाही, रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी एक दिवस त्याच्या हातातून हिरा काढून घेतला आणि म्हणाले, तू उचलाउचल कर. मग तो उचलत राहिला. मोठमोठ्या काचा पोत्यात धरून हातगाडीवर चढवल्या, तुकडे वेचले, जमीन इतकी झाडली की अनवाणी चाललं तरी कण टोचू नये. गिऱ्हाईक म्हणायचं, पोरगा कामाचा आहे हो. वडील मान वर न करता म्हणायचे, हो, राबतो. तेव्हाच त्याला एक गोष्ट कळली. ज्याचे हात कामात असतात त्याच्याकडे कुणी दुसरं काही मागत नाही. वडील हिरा घेऊन टेबलाशी उभे राहिले की तो झाडू उचलायचा. दाबण्याआधीचा तो गप्प क्षण त्याला झाडूच्या आवाजात बुडवून टाकता यायचा.

रविवारी तोच क्षण आला होता. जावईबापूने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला, गोलकीपर उडी मारून पलीकडे पडला होता, आणि चेंडू आपल्या पायाने चालत आल्यासारखा त्याच्यासमोर येऊन थांबला. मध्ये कुणी नव्हतं. समोर सगळा गोल मोकळा. एवढ्या लोकांनी एकदम श्वास आत घेतला आणि मैदान गप्प झालं. त्याने चेंडूला पाय लावला, नीट बसवायला म्हणून. मग पुन्हा लावला. तेवढ्यात डाव्या कडेला कमरेवर हात ठेवलेला जावईबापू त्याला दिसला आणि त्याने चेंडू तिकडे सरकवला. जावईबापूने तो आत ढकलला. मग अंगावर माणसांचा ढीग पडला, घामाचा वास, कुणीतरी कानाशी ओरडलं, पंख्या, काळीज मोठं रे तुझं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला निःस्वार्थी म्हटलं. स्वतःचा गोल दुसऱ्याला देणारा आघाडीवीर आजच्या काळात कुठे मिळतो, असं एकाने अग्रलेखासारखं लिहिलं. त्याने फोटोसाठी हसून दाखवलं होतं. जावईबापूला बघून त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्याच्या हाताला काठ लागावा तसं, आणि हे कुणालाही कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो मैदानभर धावत होता ते कुठे पोचायला नव्हे. धावणाऱ्या माणसाला कुणी अडवून विचारत नाही, म्हणून धावत होता. लपायला इतकी उघडी जागा दुसऱ्या कुणाला सापडली नसेल.

फोन वाजला. ताई होती. तिने काय ते एका दमात सांगितलं, की बाबा सकाळपासून टीव्हीसमोर बसलेत, जेवायलाही उठले नाहीत, टकल्या बोलायला लागला की आवाज बंद करतात आणि त्याचं तोंड बघत बसतात. तो काहीतरी बोलला. तोंडात काय भरलंयस, असं तिने विचारलं. दाढेचं सांगायला गेला तर शब्द ओठांवरून सांडले. ती हसली आणि म्हणाली, "बरं झालं, सरांसमोर फार बोलू नकोस. तू गप्प असलास की लोकांना तू चांगला वाटतोस." ती चेष्टा करत होती. लहानपणापासून करायची तशीच. पण तिने फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ तसाच कानाशी धरून चालत राहिला.

प्रशिक्षकांची खोली मैदानाच्या वरच्या मजल्यावर होती. लहान खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, मैदानाकडे उघडणारी खिडकी. ते एक सफरचंद सोलत बसले होते. साल न तुटता पुरती उतरली. मग एक फोड त्याच्यापुढे केली. खायचं नाही असं सांगण्यापेक्षा ती हातात धरून ठेवणं सोपं होतं. प्रशिक्षक वयाने मोठे, आवाज मऊ. निवड समितीत दोन तट पडलेत आणि घोंगडं आपल्या गळ्यात आलंय, असं त्यांनी सांगितलं. एका जागेसाठी दोन नावं आहेत, तू आणि एक विशीतला पोरगा. पोरगा गोल मारतो, पण पळायला सांगितलं की त्याच्या अंगावर काटा येतो. मी कुणालाही घेतलं तरी उद्या शिव्या खाणार आहे, म्हणून मला एकच गोष्ट तुझ्या तोंडून ऐकायची आहे, असं म्हणून त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

"रविवारी गोल मोकळा होता. तू पास का दिलास?"

खिडकीखाली पाण्याचा फवारा फिरत होता, त्याचा थांबून थांबून येणारा आवाज तेवढा खोलीत होता. पाय उठला नाही, सर. एवढंच वाक्य. ते त्याच्या तोंडाच्या डाव्या, जाग्या बाजूला तयार होऊन बसलं होतं. ते बोललं की सगळं संपेल आणि कदाचित काहीतरी सुरूही होईल. हा माणूस रागावणार नाही हे त्याला दिसत होतं. तो मान हलवेल, खांद्यावर हात ठेवेल, त्या हाताला वजन असेल. मग जिना उतरायचा. ताईकडे जायचं. बाबा टीव्ही बंद करतील आणि काही बोलणार नाहीत.

"जावईबापूचे गोल आटले होते, सर," तो म्हणाला. शब्द जाड झाले होते, एकेक ठेवून बोलावं लागत होतं. "तीन सामने. आतून खचला होता तो. त्याला एक हवा होता."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जावईबापूचे गोल खरंच आटले होते आणि तो खरंच खचला होता. फक्त हे त्याला रविवारी सुचलं नव्हतं, आत्ता सुचलं होतं. जाडसर, अडखळत्या बोलण्यामुळे ते किती खरं वाटतंय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. प्रशिक्षकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तुझं नाव कळवतो मी."

मग ते मोकळेपणाने बोलू लागले. जन्मभर आपण हेच शिकवत आलो, मुलांना गोल मारायला कुणीही शिकवेल, गोल सोडायला कोण शिकवणार, असं काहीबाही. त्याला धड ऐकू येत नव्हतं. संघात आलो, संघात आलो, एवढंच कानांत वाजत होतं, आणि त्याच्या मागून थोडा उशिरा आणखी काहीतरी. गालाला मुंग्या यायला लागल्या होत्या. प्रशिक्षक म्हणत होते की टीकाकारांची तोंडं मात्र बंद करायला हवीत. चांगल्या माणसाचं नाव असं धुळीत जाऊ देणं बरं नाही. तुझ्या नावापुढे गोल दिसायला हवेत. म्हणून आपण ठरवलंय, आणि समितीलाही तसंच सांगणार आहोत. ते हसले, लपवून ठेवलेला खाऊ मुलाला दाखवताना हसावं तसे.

"या स्पर्धेत पेनल्टी तू मारायच्या. सगळ्या."

"त्या जावईबापू मारतो, सर."

"त्यालाच विचारलं मी. तोच म्हणाला, पंख्याला द्या. त्या रविवारने माझा जीव वाचवला, म्हणाला."

हातातली फोड काळी पडत चालली होती. दाढ आता ठणकायला लागली, आधी लांबून, मग जवळून, आणि चावलेला ओठही जागा झाला. सगळी बधिरता एकदम ओसरली आणि तिच्याखालचं सगळं वर आलं. पेनल्टीला डावीकडे कुणी नसतं. उजवीकडे नसतं. कुणाच्या मागे धावायचं नसतं, काही हिसकावून आणायचं नसतं, घाम गाळून दाखवायची सोय नसते. चेंडू आपल्या हाताने नेऊन ठेवायचा आणि सगळे गप्प होतात. सर, मी खोटं बोललो, असं म्हणायला अजून वेळ होता. प्रशिक्षकांनी फोन उचलला, त्याचं नाव उच्चारलं, हो, नक्की, असं म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा वेळ उरला नाही. त्यांनी उठून त्याचे दोन्ही खांदे धरले. खाली खांब थांबलाय, ते म्हणाले, बूट-कपडे चढव आणि आजच चार मारून बघ, हात लागला की भीड चेपते.

खांब म्हणजे संघाचा थोरला गोलकीपर, उंच आणि अबोल. मैदानावर दोघांशिवाय कुणी नव्हतं. गवत नुकतंच भिजवलेलं, ऊन कलतं, आणि रिकाम्या पायऱ्यांच्या रांगा चारी बाजूंनी वर चढत गेलेल्या. वरच्या खिडकीत प्रशिक्षक येऊन उभे राहिले. खांबाने हातमोजे एकमेकांवर आपटले, अभिनंदन म्हणून हात वर केला, आणि तो दोन खांबांच्या बरोबर मध्ये जाऊन गुडघ्यांत वाकला. इकडे त्याने स्वतः चेंडू पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. नीट बसला नाही असं वाटून पुन्हा ठेवला. मग तो धाव घ्यायला मागे सरकू लागला. दोन-तीन पावलं पुरतात हे त्याला माहीत होतं. तो चौकोनाच्या रेषेपर्यंत आला आणि एवढी धाव कमी पडेल असं त्याला वाटलं. थोडं आणखी मागे जाऊन जोर धरावा, मग पायाला थांबायला वेळच मिळणार नाही. चेंडू लहान झाला. त्यामागे गोल मात्र तेवढाच राहिला, किंवा थोडा वाढल्यासारखा दिसला. मैदान इतकं गप्प होतं की ओल्या गवतातून स्वतःचे बूट निघतानाचा आवाज त्याला ऐकू येत होता. मागे बघायची गरज नव्हती, या मैदानाचा इंच न् इंच त्याच्या पायांना ठाऊक होता. मधलं वर्तुळ त्याच्या टाचांखालून पुढे सरकलं. खांब हळूहळू सरळ उभा राहिला, त्याने पसरलेले हात खाली सोडले आणि तोंडाभोवती पंजे धरून लांबून हाक मारली, "अरे, किती लांबून येणार आहेस?"

"आलोच," तो म्हणाला, आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं.